एसीच्या पाण्यावरचा हंसराज

सखुबाई केणे यांच्या घराच्या एका अंगाला दिवसभर सावली असते. ही सावली त्यांच्याच नवऱ्याने विकलेल्या जमिनीवरून येते.

शीळफाट्यावरून कल्याणच्या दिशेला निघालं की थोड्या अंतरावर त्यांचं गाव लागतं. पूर्वी तिथे भातखाचरं होती. आता रस्त्याला लागून इमारती आहेत आणि इमारतींच्या पोटात, बाहेरच्याला दिसणार नाही असं, जुनं गाव आहे. गोविंदा केणे यांनी घरालगतचं खाचर बिल्डरला दिलं, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनीच दिलं होतं. त्या पैशातून घर पक्कं झालं, मुलगा देवेश याचा रेती-खडी पुरवण्याचा धंदा उभा राहिला. इमारतीचा शेवटचा स्लॅब पडला त्याच वर्षी गोविंदा गेले. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. "तो गेला नि ऊन गेला, येकाच साली," असं सखुबाई सांगतात. तक्रार म्हणून नव्हे, साल लक्षात राहावं म्हणून.

घर आणि इमारतीचं कुंपण यांच्यामध्ये एक पट्टी उरली. रुंदीला एक मोटार जेमतेम मावेल एवढी, लांबीला घराएवढी. तिच्या पलीकडच्या कडेला जुन्या गोठ्याची काळ्या दगडांची, छातीइतकी उंच भिंत उभी होती. गोठा पाडला तेव्हा ती पाडायची राहून गेली. बाकी सगळीकडे फरशी, कोबा किंवा डांबर आलं होतं. केण्यांच्या जमिनीतली उघडी माती म्हणावी अशी तेवढीच उरली होती, आणि ती आपल्या हातातून जाऊ द्यायची नाही, एवढंच सखुबाईंनी ठरवलं होतं. त्यामागे काही मोठा विचार होता असं त्या म्हणत नाहीत. "मातीत हात घातल्याबिगर मना करमत नाय," एवढंच.

पण मातीत काही यायला हवं ना. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी सवयीने मिरची लावली. रोपं उंच झाली, पांढुरकी पडली आणि आडवी झाली. मोगऱ्याला पानंच पानं आली, कळी नाही. भेंडीने तर डोकंच वर काढलं नाही. अळू आलं, जोरात आलं, पण खाजरं निघालं. दुप्पट चिंच घालूनही सून करिश्मा हिच्या घशाला खाज सुटली आणि मग त्याला कोणी हात लावला नाही.

"हितं मानूस पन वाढनार नाय, आये," देवेश म्हणाला.

त्याच्या अंगणात तेव्हापासून पेव्हर ब्लॉकचा ढीग पडून होता. कुठल्याशा साइटवर उरलेला माल. तो या पट्टीसाठीच आणून ठेवला आहे हे घरात प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नसे.

तोवर पट्टीचा एकच उपयोग चालू होता. सखुबाई गोठ्याच्या भिंतीवर वाकट्या आणि बोंबील वाळत घालत. मासळी सुकायला ऊन लागतं. ऊन नसल्यामुळे ती नीट सुकत नसे, नुसती वास मारत असे. इमारतीच्या त्या बाजूला सगळ्या बेडरूम. प्रत्येक बेडरूमला एसी, आणि प्रत्येक एसीची पातळ नळी खिडकीखाली मोकळी सोडलेली. तिचं पाणी टपटप करत खाली गोठ्याच्या भिंतीवर पडे, म्हणजे मासळीवर पडे. वरच्यांना वासाचा त्रास, खालच्यांना पाण्याचा.

"मावशी, ते मासे काढा हो तिथून, घरात बसवत नाही!" वरून आवाज यायचा.

"तू तुजा पानी काढ, मी माजी मासली काढते!" खालून उत्तर जायचं.

शेवटी सखुबाईंनी देवेशला बसवून सोसायटीला रीतसर तक्रार लिहायला लावली. मग दुसरी. मग तिसरी, प्रभाग कार्यालयालाही प्रत पाठवून. सोसायटीकडून पोच आली, पुढे काहीच झालं नाही. अशा तक्रारींचं होतं तसंच झालं.

*

सखुबाईंची धाकटी बहीण आवडाबाई टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या बाजूला दिलेली. तिच्या घरामागे दगडी बांधणीची जुनी विहीर आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सखुबाई तिच्याकडे गेल्या, तेव्हा विहिरीवर स्लॅब घालायचं काम निघालं होतं. पाणी पंपाने वर येत होतं, आणि नातवंडं काठावरून वाकून बघतात याची सगळ्यांना धास्ती. सखुबाईही वाकून बघायला गेल्या. आतल्या दगडांच्या सांध्यासांध्यातून हिरवा पाला लोंबत होता. काळी, चकचकीत, घोड्याच्या केसांइतकी बारीक देठं आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या चंद्राच्या आकाराची पानं.

"ह्यो पाला कसला गो?"

"कसला म्हंजे? इहिरीचा. आमी यायच्या आदीपासून हाय तो."

"ऊन लागतो त्याला?"

"इहिरीत कुठला आलाय ऊन? खुली झालीस का?"

सखुबाईंना तेवढंच ऐकायचं होतं. आवडाबाईच्या मुलाने शिडी लावून चार-पाच गड्डे काढून दिले. ते ओल्या फडक्यात गुंडाळून, वर केळीचं पान बांधून त्या घरी आल्या. करिश्माने फोनवर फोटो काढून शोधलं.

"हंसराज नाव आहे त्याचं, आई. नेच्यातला प्रकार. फूल येत नाही, फळ येत नाही."

"मंग करतो काय?"

"काय करणार? हिरवा राहतो."

"ऱ्हाऊ दे. तेवराच पायजे," सखुबाई म्हणाल्या.

यानंतर त्यांनी जी चूक केली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. सखुबाईंचं माहेर खाडीकाठचं. लग्न होईपर्यंत त्या मिठागरात कामाला जात. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वाफ्यांचा तळ बसवावा लागतो. चिखल पायांनी तुडवायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा तुडवायचा. इतका, की तो फरशीसारखा गुळगुळीत आणि टणक होतो आणि वर घेतलेलं खाडीचं पाणी खाली जिरत नाही. तळ कच्चा राहिला तर पाणी जिरतं आणि मिठाऐवजी चिखल हाताला येतो. तळ बसवण्यात सखुबाईंचा पाय नावाजलेला होता. मुकादम त्यांना मुद्दाम कोपऱ्यांवर पाठवी, कारण कोपरेच आधी गळतात.

हंसराजाला ओल लागते हे समजल्यावर त्यांनी ओल धरून ठेवायची सोय केली. पट्टीतली माती भिजवली, साडी वर खोचली आणि सकाळभर तुडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. देवेश आंघोळीला जाता जाता उभा राहिला.

"आये, मीठ पिकवतेस काय?"

"पानी खाली नाय गेला पायजे. झाराला पायापाशी ओल पायजे."

"ओल पायजे का तलाव पायजे?"

"तू तुजी रेती मोज."

चारी बाजूंना बोटभर बांध घातला, मध्ये गड्डे लावले. श्रावणातला पाऊस वाफ्यात साठला आणि साठूनच राहिला. थेंबभर जिरला नाही. कामाच्या दृष्टीने तो तळ उत्कृष्ट होता. गौरी येईपर्यंत पानं पिवळी पडली, देठं बुडाशी काळी-मऊ झाली, आणि गड्डा उपसून पाहिला तर मुळांना कुजका वास.

त्यांनी बहिणीला फोन लावला. आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग हसायला सुरुवात केली.

"अगो सखू, इहिरीला तल असतो. पन पाला तलाला असतो का? पाला भितीला असतो. पानी येतो नि जातो. उभा ऱ्हातो का?"

सखुबाईंनी फोन ठेवला. रागावल्या नव्हत्या. उठून पट्टीत गेल्या, वाफ्याचा बांध एका बाजूने फोडला आणि पाणी जाऊ दिलं.

मेलेले गड्डे काढताना त्यांना एक दिसलं. भिंतीलगतच्या गड्ड्याचं एक लांब पान वाकून गोठ्याच्या भिंतीवर टेकलं होतं. हंसराजाच्या पानाचं टोक शेपटीसारखं वाढत जातं, आणि जिथे ओल्या जागी टेकतं तिथे मूळ धरतं. दोन दगडांच्या सांध्यात, जिथे वरून एसीचं पाणी ठिबकत होतं, तिथे त्या टोकाला बोराएवढा हिरवा झुबका आला होता. मूळ झाड कुजून गेलं होतं. हा झुबका मजेत होता.

*

पुढच्या वर्षभरात सखुबाईंनी ती भिंत विहीर समजून वागवली. सांध्यांतली जुनी घट्ट माती सळईने उकरून काढली. तिच्या जागी विटांचा चुरा, जुन्या गिलाव्याचा भुगा आणि देवळामागच्या वडाखालचा कुजलेला पाला कालवून भरला. आवडाबाईकडून आणखी गड्डे आणले; स्लॅब पडायच्या आत मिळाले तेवढे. लावताना दाबले नाहीत. हाताला सवय दाबायची, म्हणून त्या मुद्दाम दोनच बोटांनी लावत.

मिठागरातली विद्या मग एका ठिकाणी उपयोगी पडली. एसीचं पाणी भिंतीच्या एकाच टोकाला पडत होतं. सखुबाईंनी माथ्यावरच्या दगडांवर सिमेंटची बारीक सरी ओढली, तिला अगदी कळेल न कळेल असा उतार दिला आणि वीतवीतभर अंतरावर बोटाने खाचा पाडल्या. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात हळूहळू सोडतात, तसं पाणी सरीतून पुढे सरके आणि प्रत्येक खाचेतून थोडं थोडं भिंतीवरून ओघळे. कुठे साचत नसे, कुठे कोरडं राहत नसे.

त्यांनी भिंतीवर मासळी घालणं बंद केलं. पाण्यावरून वर ओरडणंही बंद केलं. वरच्यांना वाटलं, म्हातारी थकली. दिलेली तक्रार मागे घ्यायची असते हे सखुबाईंच्या डोक्यात आलंच नाही. घरात कोणाच्याच आलं नाही.

त्या पावसाळ्यात भिंत भरली. दसऱ्यापर्यंत दगड दिसेनासा झाला. देवेशचे मित्र आले की करिश्मा त्यांना पट्टीत नेऊन दाखवी. देवेश दाखवत नसे, पण मागे उभा राहून ऐके.

मग थंडी पडली. इमारतीतले एसी बंद झाले. माघात हंसराज पिंगट पडायला लागला आणि शिमग्यापर्यंत भिंतीवर नुसती काळी देठं उरली, जुन्या केरसुणीसारखी. हे झाड कोरड्या दिवसांत वरून मरतं आणि खाली जिवंत असतं, हे आवडाबाईने सांगितलं होतं. सखुबाईंनी ते देवेशला सांगितलं. देवेशने देठं पाहिली.

"मेला हाय, आये. कनाला उगाच जीव लावतेस."

"मेला नाय. निजलाय."

"बरं. ऐक आता. आखातीला गाडी येते माजी. बुक केलीय. म्होरं अंगनात टेम्पो असतो, तिकडं जागा नाय. आखातीपर्यंत भितीवर कायतरी जिता दिसला तर ऱ्हाऊ दे तुजी पट्टी, मी गाडी रोडवर लावीन. नाय दिसला तर भीत पाडून बिलाक टाकनार. मंग बोलायचा नाय."

"नाय बोलनार," सखुबाई म्हणाल्या.

अक्षय्य तृतीयेला अजून दीड महिना होता. देवेश दिल्या शब्दाचा माणूस होता. सखुबाईही.

*

मार्चमध्ये उकाडा वाढला. इमारतीत एकामागून एक एसी सुरू झाले. सरीतून पुन्हा पाणी सरकायला लागलं आणि गुढीपाडव्याच्या सुमारास करिश्माला भिंतीच्या टोकाला लाल-तपकिरी, गोगलगायीच्या पाठीसारखं वळलेलं काहीतरी दिसलं. हंसराजाचं कोवळं पान असंच गुंडाळलेलं येतं. मग शेजारी दुसरं आलं.

"आई, उठला बघा तुमचा राजा."

सखुबाईंनी बघितलं. "देवेशला आताच नको सांगू. भरू दे जरा."

त्याच आठवड्यात सोसायटीची नवी कमिटी कामाला लागली. सेक्रेटरी वल्लरी देवस्थळी, वय पंचेचाळीसच्या आसपास, ठाण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. जुन्या कमिटीने कपाटात कोंबून ठेवलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं आणि एकेक निकालात काढायला घेतलं. केणे यांच्या तीन तक्रारी त्यात होत्या. तीन! वल्लरीताईंना सोसायटीची लाज वाटली. प्लंबर आला, गच्चीवरून दोरांचा झोपाळा बांधला, आणि त्या बाजूच्या सगळ्या एसींच्या नळ्या एका मोठ्या उभ्या पाइपात घालून पाइप थेट गटारात सोडला. काम स्वच्छ झालं. संध्याकाळी वल्लरीताई स्वतः कुंपणापाशी आल्या.

"मावशी, झालं तुमचं काम! उशीर झाला, पण आता एक थेंबसुद्धा पडणार नाही तुमच्याकडे."

सखुबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. "बरा केलास," असं तोंडातून गेलं, आणि ते गेल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला.

भिंत भराभर वाळली. काळा दगड उन्हाळ्यात पाणी धरत नाही. सखुबाईंनी बादलीने पाणी घालायला सुरुवात केली. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पिण्यापुरतं. म्हणून बोअरचं घेतलं. सकाळ-संध्याकाळ तांब्याने सरीत हळूहळू ओतत. चार-सहा दिवसांनी कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागल्या. पाणी मिळत असताना पान का करपतं ते कळेना. मग त्यांना दगडांच्या सांध्यांपाशी पांढरट पापुद्रा दिसला. त्यांनी बोट लावलं आणि जिभेला लावलं.

ती चव ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. लग्नाआधीची सगळी वर्षं त्यांनी ती पाटीत भरून डोक्यावर वाहिली होती. बोअरच्या पाण्यात खाडीचा खार होता. पाणी उडून जाई आणि खार मागे राही. मीठ तयार होतं ते असंच. त्यांनी भिंतीवर मीठ पिकवलं होतं.

"एसीचा पानी बिनमिठाचा," त्या करिश्माला म्हणाल्या. "तोच पायजे."

"ते तर आपणच बंद करायला लावलं, आई."

"मना म्हाईत हाय कोनी लावला. तू चल माज्यासंगती."

"मी नाही येणार. मला लाज वाटते. तीन वेळा भांडलोय आपण."

"मंग नको येऊ. जल्ला ती लाज."

*

वल्लरीताईंच्या घरी सखुबाई पहिल्यांदाच गेल्या. एवढी वर्षं खालूनच बोलणं. खिडकीतून त्यांना आपली पट्टी वरून दिसली. वरून ती अगदीच किरकोळ दिसत होती.

"मावशी, बसा ना. काही राहिलं का? गळतंय का कुठे?"

"नाय गलत. तेच सांगाया आलेय. गलाया पायजे."

"काय?"

"तो पानी पहिल्यासारखा माज्या भितीवर सोड."

वल्लरीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, तुम्ही तीन तक्रारी दिल्यात. तिसरीत 'तातडीने' हा शब्द दोनदा आहे. मी सगळ्यांकडून वर्गणी काढून ते काम करून घेतलंय. आता मी मीटिंगमध्ये काय सांगू? केणेबाईंना पाणी परत हवंय?"

"सांग तसाच."

"लोक हसतील."

"हसू दे. मना वरनं बघून हसतात, तुला मीटिंगीत हसतील. मरतो काय कोन?"

"आणि उद्या तुमची भिंत पडली पाण्याने, तर चौथी तक्रार माझ्यावर."

"भीत माजी, पानी मी मागतेय. पडली तर मीच उचलीन."

"पण कशाला हवंय ते मला कळू तरी द्या."

सखुबाईंनी हंसराजाचं सांगितलं. विहिरीपासून बोअरच्या पाण्यापर्यंत. वल्लरीताईंनी खिडकीतून खाली पाहिलं. वरून हिरवं असं काहीच दिसत नव्हतं. दिसत होते ते करपलेले ठिपके. त्यांना ते पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटेना. सखुबाईंना बाजाराची सवय होती. समोरच्याला आपल्या मालाची गरज नाही हे दिसलं की त्याला ज्याची गरज आहे ते काढायचं.

"बरं, येक सांगते," त्या म्हणाल्या. "त्या भितीवर मी पुना मासली घालनार नाय."

वल्लरीताई वळल्या. "कधीच?"

"कदीच. तुज्या मीटिंगीत लिवून देते. अंगठा नाय, सही देते."

"वाकट्यासुद्धा नाही?"

"वाकट्या नाय, बोंबील नाय, सोडे नाय. सोड्याचा वास तुमाला जास्ती लागतो ना?"

वल्लरीताईंना हसू आलं. मासळीचा प्रश्न त्या इमारतीत राहायला लोक आल्यापासूनचा होता. तो ज्या सेक्रेटरीच्या काळात सुटेल तिला पाइपाबद्दल कोणी काही बोलणार नव्हतं. आपण दीड वर्ष त्या भिंतीवर मासळी घातलेलीच नाही, आणि तिथे ऊन नसल्यामुळे घालण्यात अर्थही नाही, हे सखुबाईंनी सांगितलं नाही. ते कुणी विचारलंही नाही.

आखातीला थोडेच दिवस उरले असताना प्लंबर पुन्हा आला. उभ्या पाइपाला खाली एक वळण बसवलं आणि त्याचं तोंड गोठ्याच्या भिंतीच्या माथ्याकडे केलं. आता सगळ्या मजल्यांचं पाणी एकाच जागी येत होतं, पूर्वीपेक्षा जास्त. सखुबाईंनी सरीच्या खाचा रुंद केल्या. सांध्यांतला पांढरा पापुद्रा त्या पाण्याने हळूहळू धुऊन निघाला.

*

आखातीच्या दिवशी दुपारी गाडी आली. काळी, मोठी, बॉनेटवर झेंडूची माळ. करिश्माने ओवाळलं, देवेशने चाकाखाली लिंबं ठेवली, गाडी त्यांवरून पुढे घेतली. मग तो पट्टीत आला. भिंतीवर जुनी देठं होती, करपलेली पानं होती, आणि तीन ठिकाणी कोवळे, वळलेले कोंब होते. सखुबाईंनी बोटाने दाखवले.

"ह्ये?" देवेश वाकला. "येवरासा?"

"तू 'जिता' बोललेलास. केवरा ते नव्हता बोललेलास."

देवेश सरळ झाला. शब्द दिलेला होता, पण अंगणात टेम्पो होता आणि रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या. "आजची रात लावतो हितं," तो म्हणाला. "भीत नाय पाडत. बिलाक नाय टाकत. नुसती लावतो. जमला तर जमला, तुजा पाला पन ऱ्हाईल नि माजी गाडी पन."

हे बोलणं न्यायाचं होतं. पण रोज गाडी आत-बाहेर झाली की माती दबणार, धूर भिंतीवर जाणार, आणि पावसाळ्यात चाकं रुतली की ब्लॉक येणारच, हे त्यांना कळत होतं. गाडी पट्टीत आली. भिंतीपासून हातभर अंतर राहिलं.

उकाड्याची रात्र होती. सगळे एसी चालू होते.

सकाळी देवेशचा आवाज आधी इमारतीच्या दिशेला गेला. पाइपातून भिंतीच्या माथ्यावर पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे रात्रभर गाडीवर उडाले होते. त्यात दगडांतून धुऊन निघालेला खार, विटांचा चुरा, पाला, धूळ. काळ्या बॉनेटवर, टपावर, काचेवर पांढरट-तांबडे ठिपके वाळून बसले होते. झेंडूची माळ चिखलाने माखली होती.

"ओ सेक्रेटरी! कुनाचा पानी हाय हा? नवी गाडी हाय माजी!"

वल्लरीताई खिडकीत आल्या. "केणे, ते पाणी तुमच्या आईंनी लेखी मागून घेतलंय. सही आहे त्यांची. कमिटीने मंजूर केलंय."

देवेशने मागे पाहिलं. सखुबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आये, तू मागितलास?"

"मागितला."

"मना का नाय सांगितला?"

"तू इचारलास कुठं? गाडी लावतो बोललास, लावलीस."

करिश्मा आत गेली. हसायला गेली असावी; आतून आवाज आला नाही. देवेशने ओल्या फडक्याने एक ठिपका पुसून पाहिला. तो गेला, पण मागे धुरकट कडा राहिली. सखुबाईंनी सूप बाजूला ठेवलं, उठून आल्या, ठिपक्याला बोट लावलं आणि जिभेला लावलं.

"उतरलाय खार," त्या म्हणाल्या. "चार दिसांनी नुसता पानी येल."

"माज्या गाडीची पडलीय मना, नि तू चव घेतेस!"

त्याच दुपारी देवेशने टेम्पो शेजारच्या मोकळ्या जागेत हलवला आणि गाडी पुढच्या अंगणात लावली. तिथे सकाळपासून ऊन असतं. दुपारी दोन वाजता गाडीत बसलं तर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मे महिना संपत आला तरी त्याची ही तक्रार चालू होती, आणि तिचं उत्तरही ठरलेलं होतं.

"सावली पायजे तर हितं लाव की," सखुबाई पट्टीतून म्हणत.

"नि पानी?"

"पानी हाय. पान्याला काय तोटा नाय."

पेव्हर ब्लॉकचा ढीग अजून अंगणात आहे, पण थोडा कमी झालाय. भिंतीच्या माथ्यावरच्या सरीची पलीकडची कड साफ करायला सखुबाईंचा हात पुरत नव्हता, म्हणून त्यांनी काही ब्लॉक नेऊन भिंतीच्या पायथ्याशी पायरीसारखे रचले आहेत. खाली माती दाबलेली नाही, त्यामुळे पायरी जरा डुगडुगते. त्यांच्या फटींतून पाणी जातं, आणि एका फटीत वरून वाकलेल्या पानाचं टोक टेकलं आहे. सखुबाई ती पायरी चढताना त्या बाजूला पाय ठेवत नाहीत.